मलकपेठेत सफरचंद?

हौशी माणसाला ‘हे झाड आपल्या हवेत होणार नाही’ असे सांगावे, की तो दुसऱ्याच दिवशी त्याचे रोप घेऊन येतो. मलकपेठेतल्या गच्च्यांवर आणि उरल्यासुरल्या अंगणांत हल्ली सफरचंद, लॅव्हेंडर, ट्यूलिप यांच्या कुंड्या मांडल्या जातात, त्या अशाच. या हौसेला हसणारांपैकी मी नव्हे. मात्र तिला थोडी शिस्त हवी.

झाड परमुलखातले, हा काही दोष नव्हे. आपले सीताफळ अमेरिकेतून आले, गुलमोहर मादागास्करहून. दोघांनाही कोरडा ऋतू ठाऊक होता, म्हणून ते दख्खनचे झाले.

रोप दगावले की आपण वैशाखाला बोल लावतो. खरा हिशेब बहुधा निराळा असतो. सफरचंदाच्या जुन्या वाणांना हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे सुमारे १००० तास लागतात. त्यावाचून डोळे नीट फुटत नाहीत. हैदराबादेत पौषातली रात्रही साधारण १५ अंशांची. उन्हाळ्यात कितीही सावली धरली तरी ही उणीव भरून कशी निघावी? लॅव्हेंडरची गोष्ट उलटी. कोरड्या उन्हाला ते भीत नाही. आपल्या श्रावण-भाद्रपदातल्या ओलीने त्याची मुळे कुजतात.

म्हणून आसिफाबाद जिल्ह्यातील धानोऱ्याचे उदाहरण मोलाचे वाटते. तेथील एका शेतकऱ्याने सफरचंदे पिकविली आणि २०२० साली ती सर्वांच्या दृष्टीस पडली. वाण होता ‘एचआरएमएन-९९’. हिमाचलातील बिलासपूरच्या सखल भागात हरिमन शर्मा यांनी निवडलेला, थोड्या थंडीवर भागणारा. शिवाय त्या डोंगराळ मुलखात हिवाळा आपल्यापेक्षा कडक. त्या शेतकऱ्याने हवेशी हुज्जत घातली नाही. वाण आणि जागा यांचा मेळ घातला.

गायन शिकविणाऱ्याला हे नवे नाही. मुलीचा गळा काळी चारचा असेल, तर तिला गुरूच्या काळी एकमध्ये गायला लावू नये. पट्टी बदलली म्हणून राग बिघडत नाही. गळा मात्र बिघडतो.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. या पाहुण्यांसाठी जागा हवी म्हणून मोगरा उपटला जातो, पारिजातकाचे पाणी तोडले जाते. ज्या उन्हाने सफरचंद कोमेजते, त्याच उन्हात मोगरा बहरतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओंजळभर मोगरा ज्यांच्या अंगणातून येई, त्या घरांनी आता तो बाजारातून आणावा काय?

प्रयोग जरूर करावा. एकच रोप घ्यावे, त्याच्या वाणाची चौकशी करावी, हिवाळ्यातल्या रात्रींचे तापमान वहीत टिपावे आणि निदान तीन वर्षे वाट पाहावी. उत्तर ‘नाही’ असे आले, तरी शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल. पण प्रयोग कुंडीत असावा. जमीन मोगऱ्याची राहू द्यावी.