शिक्का कुणाच्या हाती?

जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) नुकताच पुन्हा खेळलो. साठ मिनिटांची मुदत, तळघरे, सुळे हे सारे परिचितच. खरे मर्म आहे ते आरशातून उडी घेताना विलग झालेल्या सावलीत. तिच्यावर वार केला की आपलेच आयुष्य घटते. तलवार म्यान करून सामोरे गेलो, तरच दोघे एकरूप होतात. द्वैतावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. इथे ते बोटांना उमगते.

त्यामानाने अलीकडच्या, लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) आपण सीमेवरचे तपासनीस. नवऱ्याचे कागद बरोबर, पाठोपाठ आलेल्या बायकोचे अपुरे. सोडावे तर ठपका, ठपके वाढले की दंड, आणि घरची माणसे उपाशी. कादंबरीतल्या अशा तपासनिसाचा निषेध करून आपण पान उलटतो. इथे शिक्का आपल्याच हाती असतो. वाचकाची तटस्थता गृहीत धरणाऱ्या आपल्या समीक्षेजवळ या हातासाठी अजून संज्ञाच नाही.