सुलतानाची सरस्वती

रमजानमध्ये शेजारी इफ्तारला येतात, खजूर घेतात, ईदला शिरखुर्म्याचा डबा घरोघरी जातो. एकमेकांच्या ताटापर्यंत आपण पोहोचलो आहोत. एकमेकांच्या भाषेपर्यंत आणि गाण्यापर्यंत पोहोचलो का?

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह पोहोचला होता. १५८० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी तो गादीवर आला आणि चाँदबिबीच्या देखरेखीखाली वाढला. १६२७ मध्ये त्याचे निधन झाले. मधल्या काळात या मातीतल्या संगीताचा ध्यास त्याने सोडला नाही. त्याने दख्खनीत गीते रचली, रागांप्रमाणे लावली. तो संग्रह म्हणजे ‘किताब-ए-नौरस’. त्यात सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे, तशीच गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराजांचीही. आपल्या तंबोऱ्याला त्याने ‘मोतीखान’ नाव दिले. नवरसांवरून नौरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले. अकबराचा वकील असद बेग दरबारात आला, तेव्हा सुलतान मराठी सहज बोलतो, फारसीत मात्र अडखळतो, हे त्याच्या लक्षात आले. लोक त्याला ‘जगद्गुरू’ म्हणत.

मग त्याचा दीन सुटला का? विजापूरचा इब्राहिम रोजा पाहावा. त्याच्या कबरीभोवतीच्या भिंतींवर कुराणाच्या आयती कोरल्या आहेत. सरस्वतीचे गीत आणि कुराणाची आयत एकाच माणसाच्या आयुष्यात नांदली.

तो संत नव्हता. त्याने लढाया केल्या, १६१९ मध्ये बिदर घेतले. १६२४ मध्ये त्याचे लाडके नौरसपूर उद्ध्वस्त झाले, ते मलिक अंबरच्या फौजेकडून. लढाया सत्तेसाठी होत्या. आज त्यांना सरसकट धर्माचा रंग दिला जातो.

विजापूर दूर वाटत असेल, तर तापीकडे पाहावे. शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या मुलखात प्रकाशाला येणारी ही नदी आधी बुऱ्हाणपूरजवळून वाहते. तिथल्या जामा मशिदीत खानदेशच्या फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. हिजरी सनाशेजारी त्यात विक्रम संवत आणि शक आहे. संस्कृत कोरल्याने मशिदीचे पावित्र्य कमी झाले नाही. आजही तिथे नमाज होते.

इब्राहिमच्या या ओढीला कोणी परक्या संस्कृतीचे वेड म्हणेल. पण ज्या भाषेत माणूस लहानाचा मोठा होतो, ती परकी कशी? शहाद्याच्या बाजारात अहिराणी, गुजरी, भिली, मराठी, उर्दू एकाच वेळी कानावर पडतात. कानावर पडणारे समजून घेतले नाही, की जवळचेही परके होते.

शिरखुर्म्याचा डबा रिकामा परत पाठवू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. यंदा त्यात साखरेबरोबर शेजाऱ्याच्या भाषेतले, नीट शिकून घेतलेले दोन शब्दही जावेत.