वाचनालयातून : जरीपटक्याचे शेजारी

जरीपटक्यात सिंधी वस्ती आहे, हे नागपुरात कोणाला सांगावे लागत नाही. ती माणसे सिंध सोडून का आली, हे मात्र आपल्या घरांत क्वचितच निघते. त्यासाठी वाचनालयाकडे नंदिता भवनानी यांचे ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (२०१४) मागावे. सिंधचे तुकडे झाले नाहीत. अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. पंजाबसारखी कत्तलही तिथे झाली नव्हती. तरी ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीने हिंदूंचा धीर सुटला. इकडून तिकडे गेलेले मुस्लिम निर्वासितही या पुस्तकात भेटतात, म्हणून ते आधी वाचावे.

आंचल मल्होत्रा यांचे ‘रेम्नंट्स ऑफ अ सेपरेशन’ (२०१७) सोपे. सोबत आणलेली भांडी, दागिने यांतून उलगडणाऱ्या आठवणी भगिनींना विशेष आवडतील. सॅम डॅलरिंपल यांचे ‘शॅटर्ड लँड्स’ (२०२५) जाडजूड आहे. १९३७ साली ब्रह्मदेश वेगळा झाला तेही त्यात येते. सवडीने वाचा.

तिन्ही मूळ इंग्रजीत, ही अडचणच. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रोज दोन पाने वाचून मराठीत सांगायला लावावे. आणि पुस्तक येईपर्यंत थांबू नये. सिंध आठवणारे शेजारी आता पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत. सलाम-नमस्कार आहेच, एकदा जवळ बसून विचारा.