शरणपूरचें मंदिर आणि आमचें कर्तव्य

मलकापूर स्टेशनावर गाडींत बसून आमच्या मोताळा भागांतील अनेक व्यापारी नाशिकास जातात. तेथील शरणपूर रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. परंतु त्यास हें नांव कां पडलें, याची चौकशी किती जणांनीं केली असेल? ती करण्याजोगी आहे, म्हणून आज आम्ही हा विषय हातीं घेत आहों.

इ. स. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, धर्म बदलल्यामुळें अथवा जातीबाहेर पडल्यामुळें कोणाचा वारसाहक्क बुडूं नये. कायद्यानें हक्क राखला. पण शेजार कोण देणार? पाण्याचा घडा कोण भरूं देणार? या प्रश्नाचें उत्तर म्हणून १८५४ मध्यें चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेच्या विल्यम साल्टर प्राइस यांनीं नाशिकजवळ एक खेडें वसविलें. शरण आलेल्यांचें गांव, तें शरणपूर.

तेथें केवळ आपलेच लोक नव्हते. गुलामांचा व्यापार करणाऱ्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांपैकीं पुष्कळ येथें आलीं व अक्षरांबरोबर सुतारी-लोहारी शिकलीं. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्यें डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले, तेव्हां त्यांचें शव हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत किनाऱ्यास आणणाऱ्यांत हा होता. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें अंत्यविधीच्या वेळीं तो हजर होता. नाशिकचा विद्यार्थी तेथवर पोहोंचला, हें आमच्या किती शाळांत सांगितलें जातें?

त्या वस्तीचा वारसा सांगणारें सेंट अँड्र्यूज चर्च नाशकांत आहे. अशा मंदिराची रचना समजण्यास आमच्या वाचकांस अडचण पडूं नये. आपल्या देवळांत सभामंडप व गाभारा, तसें येथें लोकांनीं बसावयाचें लांबट दालन आणि परंपरेप्रमाणें पूर्व टोकास वेदी. बाप्तिस्म्याचें पात्र बहुधा दाराजवळ असतें; कारण तो संस्कार म्हणजे त्या समाजांतील प्रवेशच. मुंबईस कुलाब्याचें अफगाण चर्च १८५८ मध्यें प्रतिष्ठित झालें. तें युद्धांत पडलेल्या सैनिकांचें स्मारक, आणि त्याचा उंच मनोरा समुद्रावरून दिसे. शरणपूरचें मंदिर निराश्रितांच्या वस्तीचें. एकांत साम्राज्य बोलतें, दुसऱ्यांत माणूस बोलतो.

कोणी म्हणेल, परक्या सत्तेच्या सावलींत वाढलेल्या या गोष्टीचें कौतुक राष्ट्रवाद्यांनीं कां करावें? सरकारी पाद्र्यांचे पगार हिंदी रयतेच्या करांतून देण्याची पद्धति अन्यायाचीच होती, हें आम्ही निःसंकोच म्हणतों. परंतु हिंदुस्थानांतील अँग्लिकन चर्च १९३० मध्येंच कायद्यानें इंग्लंडच्या चर्चपासून वेगळें झालें, आणि १९७० मध्यें नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत उत्तर हिंदुस्थानांतील अँग्लिकन मंडळी सामील झाली. राज्य गेलें, मंदिरांत प्रार्थना करणारे आमचेच मराठी बांधव आहेत. त्यांस परके म्हणणें म्हणजे ज्या बहिष्कारानें शरणपूर वसविलें, तोच पुन्हां घालणें होय.

म्हणून आमच्या सूचना दोनच. शहरांत जमिनीचा भाव चढला कीं जुन्या इमारतींवर प्रथम कुऱ्हाड पडते; तत्पूर्वीं अशा प्रत्येक मंदिराचे मोजमापाचे नकाशे व्हावेत. दुसरें, जन्म-विवाह-मृत्यूचीं दप्तरें व थडग्यांवरील मराठी लेख यांच्या नकला व्हाव्यात. वहीचें पान वाळवीनें खाल्लें, तर व्यापाऱ्यास केवढा घोर पडतो! येथें तर ज्यांस दुसरीकडे कोणींच नोंदविलें नाहीं, अशा माणसांचें खातें आहे. तें हरवूं देणें शहाण्या समाजास शोभत नाहीं. आणि तें वाचतांना, आपल्या उंबरठ्यावरून माणसें दुसऱ्याच्या दारीं शरण कां गेलीं, याचाही हिशेब आपण स्वतःशीं करावा.