मूत्रपिंडातील गाठींचा वारसा

साठीनंतर सोनोग्राफीच्या अहवालात मूत्रपिंडात ‘साधी गाठ’ असे वाचून अनेक ज्येष्ठ घाबरतात. वयोमानाने होणारी अशी एखाददुसरी पाण्याची गाठ बहुधा निरुपद्रवी असते. दोन्ही मूत्रपिंडे गाठींनी भरलेली असतील, तर मात्र ‘पॉलिसिस्टिक किडनी’ या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो.

मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींवर केसासारखा अतिसूक्ष्म तंतू असतो, त्यास सिलियम म्हणतात. श्वासनलिकेतील सिलिया सतत हलतात. हा स्थिर राहून पेशीला बाहेरचे संदेश पोचवतो. जनुकीय दोषामुळे हे काम बिघडले की गाठी वाढतात. १९९९-२०००च्या सुमारास कृमी व उंदरांवरील प्रयोगांतून हा संबंध पुढे आला. सिलियाच्या दोषांमुळे होणाऱ्या आनुवंशिक आजारांत हाच सर्वाधिक आढळतो.

आई किंवा वडिलांना हा सामान्यतः आढळणारा प्रकार असल्यास प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुलीचे लग्न होईपर्यंत असा अहवाल कपाटात ठेवणारी घरे आहेत. त्यामागची भीती मी समजू शकतो. परंतु रक्तदाब पुष्कळदा तिशीतच वाढतो आणि तो वेळीच आटोक्यात ठेवणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. पुढे मूत्रपिंड देऊ करणारे भावंड वा अपत्य स्वतःच रुग्ण निघू शकते. म्हणून ज्येष्ठांनी अहवालाची प्रत सज्ञान मुलांच्या हाती द्यावी. कुटुंबात कोणाला मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. या आजारात मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा येऊ शकतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर अशा रुग्णाने घेऊच नयेत.