फरशी उखडण्यापूर्वी

हुबळी-धारवाडातील आपले जुने वाडे एकेक करून पाडले जात आहेत. त्यांतील न्हाणीघराविषयी मात्र कोणी हळहळत नाही. ते अंधारे, धुराने काळवंडलेले, म्हणून टाकाऊ, असा निकाल आपण केव्हाच देऊन टाकला. तो आम्हांस मान्य नाही.

पायाखाली खरबरीत शहाबादी फरशी, शेजारी तांब्याचा गुळगुळीत, ऊबदार बंब, टाचेला वज्री, अंगाला उटणे, केसांत शिकेकाईचा वास. इतके परस्परविरोधी स्पर्श आणि गंध एका लहानशा खोलीत नांदत होते. स्वित्झर्लंडमधील व्हाल्स येथे पीटर झुमथोर यांनी १९९६ साली तिथल्याच क्वार्ट्झाइट दगडाचे स्नानगृह उभारले. एक कुंड ४२ अंशांचे, दुसरे १४ अंशांचे. जगभरचे वास्तुरचनाकार ते पाहावयास जातात. आपण मात्र कलबुर्गी जिल्ह्यातून आलेला दगड उखडून फेकतो आणि जमिनीपासून छतापर्यंत एकच चकचकीत टाइल बसवतो. साबणाच्या पाण्याने ती निसरडी होते आणि घरातील वृद्धांची हाडे मोडतात. ही कसली प्रगती?

धूर परत यावा, स्त्रियांनी पुन्हा हंडे वाहावेत, असे आमचे म्हणणे नाही. नळ हवा, गीझर हवा, उजेडही हवा. परंतु भिंत गुळगुळीत असली तरी जमीन खरबरीतच हवी. हा भेद जितका सौंदर्याचा, तितकाच सुरक्षिततेचा आहे. टाइलचा रंग ठरविण्यापूर्वी घरातील थकलेल्या पायांचा कौल घ्यावा, एवढेच आमचे मागणे.