नवा स्टिरिओ, डाउन बॅटरी: कारच्या वायरिंगमध्ये नेमकं चुकतं कुठे?

चतुर्थीला चाकरमानी गाडी घेऊन मालवणात येतात. गाडी तीन दिवस खळ्यात उभी. निघायच्या दिवशी चावी फिरवली की नुसता 'टक-टक' आवाज! शिव्या बॅटरीला पडतात. पण गाडीत बाहेरून स्टिरिओ बसवला असेल, तर आधी त्याची वायरिंग तपासा.

हा विषय आत्ताच का? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गाडी स्वस्त झाली की बरेच जण बेस मॉडेल घेतात आणि अँड्रॉइड स्क्रीन बाहेरून बसवतात. पैसे वाचतात, पण वायरिंग कशी केली हे कोणी विचारत नाही.

स्टिरिओला साधारणपणे दोन पॉझिटिव्ह वायर असतात. पिवळी थेट बॅटरीची, सेटिंग लक्षात ठेवण्यासाठी. लाल चावीवर चालणारी. घाईत दोन्ही वायर पिवळीच्या लाइनला जोडल्या, तर चावी काढल्यावरही स्टिरिओ आतून जागाच राहतो. समजा, तो अर्धा अँपिअर करंट खातोय. म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-अवर. छोट्या कारची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. हिशोब करा, तीन दिवसांत खेळ खल्लास! एरवी बंद गाडी ०.०५ अँपिअरच्या आसपासच करंट घेते.

त्यात आपली किनाऱ्याची हवा खारी आणि दमट. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेला जोड असेल, तर तांब्यावर हिरवट थर चढतो. जोड ढिला पडतो, तापतो. कधी आवाज जातो, कधी फ्यूज.

खरा धोका अँप्लिफायरचा. ५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ४० अँपिअरहून जास्त करंट. बॅटरीपासून येणाऱ्या वायरला फ्यूज नसेल आणि ती पत्र्यावर घासून सोलली गेली, तर शॉर्ट सर्किट होऊन गाडी पेटू शकते.

मग बसवताना काय बघायचं?

• कंपनीची वायर कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर मागा. वायर कापलेली दिसली, तर इलेक्ट्रिकल वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.
• अँप्लिफायरच्या वायरला फ्यूज हवाच, तोही बॅटरीच्या अगदी जवळ.
• जोड नीट दाबून किंवा सोल्डर करून घ्या. वर उष्णतेने आवळणारी नळी लावून घ्या.
• काम झाल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरवर बंद गाडीचा करंट मोजायला सांगा. आकडा डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.

गाडी आधीच डाउन होत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी हीच शेवटची तपासणी करा. करंट जास्त आला, तर स्टिरिओचा फ्यूज काढून परत मोजा. आकडा झटकन खाली आला, तर चोर सापडला. वायरिंग तशीच ठेवून बॅटरी बदललीत, तर पुढच्या चतुर्थीला पुन्हा तीच टक-टक.